किल्ला, वेढा आणि गाव : स्वमग्नतेच्या इतिहासातील तीन प्रतिमा

'स्वमग्न' हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. वृत्तपत्रांतून, शाळांच्या परिपत्रकांतून, डॉक्टरांच्या खोलीबाहेरील फलकांवरून तो दिसतो. ऑटिझम या संज्ञेसाठी हिंदीत 'स्वलीनता' म्हणतात. केंद्राच्या १९९९च्या कायद्याच्या हिंदी पाठात 'स्वपरायणता' असा जड शब्द योजलेला आहे. त्यांच्या शेजारी मराठी शब्द ठेवला तर तो कानाला गोड वाटतो, आणि त्याचा गोडवा हीच त्याची अडचण आहे. 'मग्न' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात ध्यानमग्न, चिंतनमग्न, कार्यमग्न अशी सारी आदरार्थी मालिका उभी राहते. बुडून जाणे, देहभान हरपणे ही आपल्या परंपरेत मोठी अवस्था मानली गेली आहे. त्यामुळे स्वमग्न मूल म्हणजे स्वतःच्या इच्छेने आत जाऊन बसलेले, जगाकडे पाठ फिरवलेले मूल असा समज हा शब्दच करून देतो. अशा मुलाला वाढवणाऱ्या आईबापांना विचारले तर ते सांगतील, की मूल आत बसलेले नसून बाहेरच आहे. बाहेरचे आवाज, प्रकाश, स्पर्श, माणसांच्या चेहऱ्यावर क्षणोक्षणी बदलणारे अर्थ हे सारे त्याच्यावर एकदम कोसळते आहे, आणि त्यातून वाट काढण्यासाठी ते पंखा पाहते, तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणते, हात झटकते.

शब्दांविषयीची ही तक्रार केवळ भाषिक नाही. स्वमग्नतेचा इतिहास वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो वाचताना असे जाणवत गेले, की हा बराचसा प्रतिमांचा इतिहास आहे. मुलाविषयी आणि त्याच्या आईविषयी कोणत्या काळी कोणती प्रतिमा वापरली गेली, त्यावर त्या घराच्या वाट्याला काय आले हे ठरत गेले. प्रस्तुत लेखात अशा तीन प्रतिमांचा मागोवा घ्यायचा आहे. पहिल्या दोन ग्रंथांतील आहेत. तिसरी अमेरिकेतील एका लहान गावाने, कोणताही ग्रंथ न लिहिता, घडवलेली आहे.

तेहतीस पानांचे पत्र

मूळ संज्ञा स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांची. 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ती घडवली, आणि १९११मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्किझोफ्रेनियावरील आपल्या ग्रंथात रुग्णाच्या आत ओढले जाण्याला ती लावली. म्हणजे ही संज्ञा जन्मतःच दुसऱ्या आजाराच्या घरातून आलेली आहे. मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५मध्ये रशियन भाषेत आणि पुढच्या वर्षी जर्मनमध्ये अशा काही मुलांचे बारकाईने वर्णन केले होते. ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. जगाने दखल घेतली ती १९४३ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखाची. अकरा मुले, त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतला पहिला 'डोनाल्ड टी.'.

हा डोनाल्ड म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. त्याचा जन्म १९३३चा, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातला. वडील वकील होते, आणि आई गावातील बँक स्थापन करणाऱ्या घराण्यातली. मुलाची स्मरणशक्ती अचाट होती. अडीच वर्षांचा असताना तो बायबलमधील स्तोत्र पाठ म्हणून दाखवी, पण हाक मारली तर वळून पाहत नसे. गोल फिरणाऱ्या वस्तूंत तासन् तास रमे. दिनक्रमात थोडाही बदल झाला की आकांत करी. तो चार वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने १९३७मध्ये त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. त्या काळी हाच सल्ला शहाणपणाचा मानला जाई: मुलाला ठेवून या, विसरून जा, दुसरे होऊ द्या. सुमारे वर्षभराने आईवडील गेले आणि संस्थाचालकांचा विरोध असतानाही त्याला घरी घेऊन आले. त्यानंतर वडिलांनी कॅनर यांना एक पत्र पाठवले. टंकलिखित, तेहतीस पानांचे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या पत्राकडे पाहिले पाहिजे असे आम्हांला वाटते. आधुनिक वैद्यकातील एका मोठ्या वर्णनाचा पाया एका बापाच्या गद्यात आहे. मूल काय खाते, कशाला घाबरते, कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरते, हे सारे त्या माणसाने नोंदून ठेवले होते. कॅनर यांच्या लेखातील डोनाल्डच्या बालपणाची हकिकत पुष्कळशी या पत्रावर उभी आहे. आणि कॅनर यांनी त्याच लेखात पत्राविषयी काय म्हटले? माहिती उत्तम आहे, परंतु तपशिलांचा हा सोस झपाटल्यासारखा आहे, अशा आशयाचा शेरा त्यांनी मारला. ज्या बारकाईमुळे निदान शक्य झाले, तीच बारकाई बापाच्या स्वभावदोषाची खूण ठरली. साक्षीदार म्हणून आलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही सुरुवात होती.

किल्ला

१९४३च्या लेखात कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात असल्याचे सुचवले होते. मात्र पुढील काही वर्षांत त्यांचा कल बदलत गेला. १९४९च्या लेखात त्यांनी अशा मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाचे वर्णन करताना शीतकपाटाची उपमा वापरली, जणू ही मुले बर्फ कधीच न वितळणाऱ्या कपाटात नीटनेटकी ठेवलेली होती. ही उपमा लेखकाच्या हातून निसटली आणि समाजाने उचलली. 'शीतकपाट-माता' हा शब्दप्रयोग रूढ झाला. येथे बापाचा उल्लेख गळून पडला आहे. दोष विभागून द्यायची वेळ आली की तो आईकडे जातो, हे सांगायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही.

या दोषारोपाला ग्रंथाचे बळ दिले ते ब्रूनो बेटलहाइम यांनी. व्हिएन्नातून आलेले, डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्या पाहून वाचलेले हे गृहस्थ शिकागो विद्यापीठाच्या एका निवासी शाळेचे प्रमुख होते. १९६७ साली त्यांचे 'द एम्प्टी फोर्ट्रेस' म्हणजे 'रिकामा किल्ला' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. छावणीतला कैदी जसा आशा सोडून आत मिटून जातो, तसे हे मूल मिटलेले आहे, अशी त्यांची मांडणी होती. मूल जर कैदी असेल तर पहारेकरी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या तुलनेतच दडलेले होते. मुलाला आईबापांपासून तोडणे हा उपचाराचा भाग ठरला. पुस्तक गाजले, कारण ते वाचनीय होते. प्रतिमा भव्य होती, लेखकाच्या मागे भोगलेल्या यातनांचा अधिकार होता, आणि ज्यांच्यावर आरोप होता त्या बायकांना उत्तर देण्यासाठी कोणतेही व्यासपीठ नव्हते. बेटलहाइम १९९०मध्ये वारले. त्यांच्या पदव्या, त्यांचे दावे आणि शाळेतील मुलांशी त्यांची वागणूक यांविषयी गंभीर आक्षेप पुढे येत गेले. परंतु तोवर एका पिढीच्या आयांनी तो दोष अंगावर वागवला होता.

चांगले गद्य आणि खरे विधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात शिकवताना आपण नेहमी सांगतो. त्याचे याहून कठोर उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

वेढा

त्याच वर्षी, म्हणजे १९६७ सालीच, दुसरे एक पुस्तक निघाले. त्याचे नाव 'द सीज', म्हणजे 'वेढा'. लेखिका क्लारा क्लेबॉर्न पार्क. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका सार्वजनिक महाविद्यालयात त्या इंग्रजी शिकवत. त्यांचे चौथे अपत्य, १९५८मध्ये जन्मलेली मुलगी, स्वमग्न होती. तिच्या पहिल्या आठ वर्षांची ही हकिकत आहे.

दोन्ही पुस्तके किल्ल्याचीच प्रतिमा घेतात आणि दोन्ही वाटा वेगळ्या होतात, हे पाहण्यासारखे आहे. बेटलहाइम यांचा किल्ला आईच्या भीतीने मुलाने उभारलेला आहे आणि आत कोणी नाही. पार्क यांच्या पुस्तकात किल्ला कोणी आणि का बांधला याचा शोध महत्त्वाचा नाही. आत कोणी तरी आहे हे गृहीत आहे, आणि आई बाहेर तळ देऊन बसली आहे. वेढ्याचे तंत्र महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. त्यात एका रात्रीचा पराक्रम चालत नाही. रसद लागते, चिकाटी लागते, आतल्याची सवय आणि कमजोरी ओळखावी लागते, पावसाळा काढावा लागतो. पार्क यांनी आपल्या मुलीला पेला हातात धरायला, नळ फिरवायला, शब्दाचा अर्थ ओळखायला शिकवताना जे केले, ते याच जातीचे आहे. एकेका कृतीसाठी महिने गेले. आणि हे सगळे त्यांनी भावविवश न होता, उत्तम शिक्षकाच्या तटस्थपणे लिहिले आहे.

पण वेढा एकट्याने पडत नाही, ही गोष्ट त्या पुस्तकातून आणि पुढे २००१मध्ये आलेल्या 'एक्झिटिंग निर्वाणा' या त्यांच्या दुसऱ्या पुस्तकातून अधिक स्पष्ट होते. भावंडे, घरात राहून सोबत करणाऱ्या तरुण मुली, गावातली माणसे असा मोठा गोतावळा या कामाला लागला. ती मुलगी पुढे चित्रकार झाली आणि विल्यम्स कॉलेजच्या टपालखोलीत तिने दीर्घकाळ नोकरी केली. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातील 'निर्वाणा'कडे मराठी वाचकाने थांबून पाहावे. मुलीची पूर्वीची अवस्था म्हणजे इच्छारहित शांती, आणि त्या शांतीतून तिला व्यवहाराच्या, हव्यानकोच्या जगात ओढून आणणे हे आईचे काम. आपल्या 'मग्न' या शब्दाची उलटतपासणीच येथे झालेली आहे.

आईबापांनी आरोप खोडून काढण्याचे काम दोन पातळ्यांवर केले. एक, शास्त्राच्या. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, एका स्वमग्न मुलाचे वडील. उपलब्ध सारे संशोधन चाळून त्यांनी १९६४च्या ग्रंथात दाखवून दिले, की आईच्या थंडपणाचा सिद्धान्त पुराव्यावर उभा नाही आणि कारण जैविक आहे. या ग्रंथाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. १९७७मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास मांडला आणि आनुवंशिकतेचा हात स्पष्ट झाला. दुसरी पातळी संघटनेची. १९६२मध्ये लंडनमध्ये पालकांनी संस्था काढली. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग होत्या, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. जुडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी केलेल्या कामातून स्वमग्नतेकडे एका विस्तृत वर्णपटासारखे पाहण्याची आजची दृष्टी आली. १९६५मध्ये रिमलंड आणि इतर पालकांनी अमेरिकेत राष्ट्रीय संस्था उभारली. तिच्या १९६९च्या अधिवेशनात कॅनर यांनी समोर बसलेल्या आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. शीतकपाटाच्या उपमेला तेव्हा वीस वर्षे झाली होती.

गाव

आता डोनाल्डकडे परत जाऊ. १९४२मध्ये, तो नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला गावापासून काही मैलांवर शेती करणाऱ्या एका जोडप्याकडे राहायला ठेवले. ती दुरूनच विसरण्यासाठी केलेली व्यवस्था नव्हती. घरचे जात-येत असत. हे शेतकरी जोडपे मानसशास्त्र शिकलेले नव्हते. मुलाला मोजण्याचे वेड आहे हे त्यांनी पाहिले आणि त्याला विहिरीची खोली मोजायला लावली. तो मक्याच्या ओळी मोजत बसे, तेव्हा नांगर धरून त्या ओळी मोजायला लावल्या. १९४५मध्ये कॅनर स्वतः तेथे गेले आणि पाहून थक्क झाले. मुलाचे वेड मोडून न काढता त्याला कामाची वाट करून देणे, हे शहाणपण त्या दोघांना कोणी शिकवले नव्हते.

डोनाल्ड पुढे गावातल्या शाळेत गेला. सहाध्यायांना तो विचित्र वाटे, पण त्याची आकडेमोड त्यांना कौतुकाची वाटे. १९५८मध्ये मिलसॅप्स कॉलेजमधून तो फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला. घराण्याच्या बँकेत त्याने नोकरी केली. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला. गोल्फ खेळू लागला. एकटा जगभर हिंडला. आईवडील गेल्यानंतरही तो आपल्याच घरात राहिला, आणि २०२३च्या जूनमध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, वारला.

जॉन डॉनव्हन आणि कॅरन झुकर हे दोन पत्रकार त्याचा शोध घेत फॉरेस्टला पोहोचले आणि त्यांनी २०१०मध्ये 'द अटलांटिक' मासिकात त्याच्यावर लेख लिहिला. पुढे त्यांचा 'इन अ डिफरंट की' हा मोठा इतिहासग्रंथ २०१६मध्ये निघाला. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. गावात चौकशी करताना एकाहून अधिक लोकांनी त्यांना बजावले, की त्याला त्रास होईल असे काही केलेत तर आमच्याशी गाठ आहे. त्या माणसांना स्वमग्नतेची व्याख्या ठाऊक असेल किंवा नसेल. तो आपला आहे, एवढे ठाऊक होते.

याला केवळ हृद्य कथा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. कॅनर यांनी १९७१मध्ये आपल्या अकरा मुलांचे पुढे काय झाले याचा आढावा घेतला. सरकारी मनोरुग्णालयांत आणि मोठ्या संस्थांत जी मुले गेली, त्यांची होती ती कौशल्येही लोपली असे त्यांना दिसले. माणसांत राहिलेल्या मोजक्या मुलांपैकी डोनाल्ड हा एक होता. सर्वच मुलांची क्षमता सारखी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. अनेक स्वमग्न व्यक्तींना आयुष्यभर मदत लागते, आणि कितीही चांगले गाव मिळाले तरी त्या बँकेत नोकरी करणार नाहीत. तरीही परिसराचा वाटा नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही इतिहासकाराने लपवू नये. ट्रिपलेट घराणे गोरे होते, सधन होते, गावच्या बँकेचे मालक होते. वंशभेदाच्या कायद्यांखाली असलेल्या त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या. त्याच गावात, त्याच वर्षी, तशाच स्वभावाचे कृष्णवर्णीय मूल जन्मले असते तर त्याचे वडील कोणत्या डॉक्टरला तेहतीस पाने पाठवणार होते? गावाचा जिव्हाळा खरा होता, पण तो कोणाला मिळेल हे आधीच ठरलेले होते. म्हणून फॉरेस्टकडून घ्यायचा धडा असा, की समाजाचा आधार मिळाल्यावर काय घडू शकते हे तेथे सिद्ध झाले, आणि तो आधार घराण्याच्या पुण्याईवर सोडता येत नाही हेही सिद्ध झाले.

आपल्याकडे

मराठी परंपरेत वेगळ्या वागणुकीच्या माणसासाठी शब्दांचे भांडार आहे. वेडा, खुळा, पिसा, भ्रमिष्ट, अवलिया. त्यांत हेटाळणी आहे तशी जवळीकही आहे. महानुभावांच्या गद्यात याचे मोठे उदाहरण सापडते. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या, त्या 'ऋद्धिपुरचरित्र' या नावाने ओळखल्या जातात. ज्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, तेथेच तेराव्या शतकात हा पुरुष मनाला येईल तेव्हा कोणाच्याही घरात शिरत असे, हवे ते मागून खात असे, लहान मुलासारखा खेळत असे, रागावत असे, आपल्याशीच बोलत असे. गोविंदप्रभूंना आजचे निदान चिकटवणे हा इतिहासाशी आणि त्यांच्या अनुयायांच्या श्रद्धेशी, दोहोंशी अन्याय होईल. आम्हांला त्यात रस नाही. रस आहे तो त्या गावात. या लीळांत गावातील बायका, दुकानदार, वाटसरू त्यांना खाऊ घालतात, त्यांच्या लहरी सांभाळतात, वेडे म्हणतात आणि तरी आपले मानतात. देवत्वाची श्रद्धा त्यामागे होती हे खरे. परंतु विलक्षण माणसासोबत रोजचे जगणे कसे असते याचे एवढे तपशीलवार चित्र मराठी गद्याच्या आरंभकाळीच आलेले आहे, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचित सांगतो.

ही परंपरा आधुनिक काळात टिकली असे मात्र म्हणवत नाही. देवत्वाचे वलय नसलेल्या वेड्याला गावाने दगडही मारले आहेत. आणि शहरात तर गावच उरले नाही. आधुनिक महाराष्ट्रात हे काम प्रथम हाती घेतले ते पुन्हा आईबापांनीच. मुंबईतील वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४मध्ये घरातच शाळा सुरू केली, ती आजची जय वकील संस्था. १९६४मध्ये पुण्यात सिंधूताई जोशी यांची 'कामायनी' सुरू झाली. या शाळा 'मतिमंद' मुलांसाठी म्हणून ओळखल्या गेल्या. स्वमग्नता वेगळी ओळखली जायला बराच काळ गेला, आणि तोवर अशी मुले मतिमंद, बहिरी किंवा नुसती हट्टी म्हणून गणली जात होती. १९९१च्या 'चौकट राजा' या चित्रपटातील नंदू मराठी प्रेक्षकाला आपलासा वाटला, पण तो वेगळ्या अवस्थेचा. त्याच वर्षी दिल्लीत मेरी बरुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. त्याही एका स्वमग्न मुलाच्या आई. मुंबईची 'सोपान' तर नावानेच पालकांची संस्था आहे. अच्युत गोडबोले यांनी 'मुसाफिर' या आत्मकथनात मुलाच्या स्वमग्नतेविषयी मोकळेपणाने लिहिले, ही मराठी आत्मचरित्राच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

कायद्याची वाटचाल याहून संथ होती. १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आणि तिचे नाव प्रथम केंद्रीय कायद्यात आले. सज्ञान झालेल्या व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद त्यात आहे आणि ते काम जिल्हा पातळीवरील समितीकडे आहे. 'आमच्यानंतर याचे काय?' या प्रश्नाची दखल घेणारी ही पहिली कायदेशीर व्यवस्था. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले आणि स्वमग्नतेला त्यांत स्थान दिले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. कागद आता पुष्कळ आहे.

कागद आणि जिना यांच्यामधील अंतराविषयी मात्र थोडे लिहिले पाहिजे. आमच्यापैकी एकाच्या घरी चौदा वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे. एवढ्या वर्षांत कायद्याने त्याला नाकारले नाही. एका शाळेने मात्र दुसरी शाळा पाहावी असे गोड शब्दांत सुचवले. लिफ्टची सर्व बटणे दाबतो म्हणून सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. लग्नकार्याची आमंत्रणे 'दोघांना' येऊ लागली. आणि उपदेश तर अखंड: आईने नोकरी सोडायला हवी होती, लाड फार झाले, मोबाइल दिला असेल. शीतकपाटाचा सिद्धान्त शास्त्राने टाकून दिल्याला निम्मे शतक झाले, तरी तो आपल्या जिन्यात वस्तीला आहे. याच जिन्याखाली एक वाणी आहे. मुलगा दुकानात येऊन काड्यापेट्यांची चळत पुन्हापुन्हा मोजतो हे त्याने पाहिले, आणि एके दिवशी साबणाच्या वड्यांचे खोके पुढे करून म्हणाला, 'दादा, एवढे मोजून दे, मला घाईत जमत नाही.' आता शनिवारी ते त्याचे काम आहे. मिसिसिपीतल्या शेतकऱ्याची गोष्ट त्या वाण्याने ऐकलेली असण्याचा संभव नाही.

या साऱ्या इतिहासातून समाजाकडे मागणी काय करायची? मोठी वाटावी अशी नाही. आईला कारण विचारू नये. आमंत्रण तिघांना द्यावे, आणि मांडवात मूल कान झाकून बसले तर माना वळवू नयेत. शेजाऱ्याने महिन्यातून एखादी संध्याकाळ मुलाजवळ बसावे, म्हणजे आईबाप एकत्र बाहेर पडू शकतील. बसच्या वाहकाने, हवालदाराने, देवळातल्या रांगेतल्या माणसाने ओरडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि आपल्या व्यवसायापुरते म्हणायचे तर, जो विद्यार्थी डोळ्याला डोळा देत नाही आणि तोंडी परीक्षेत गप्प राहतो, त्याला उद्धट ठरवण्यापूर्वी दुसऱ्या मार्गाने विचारून पाहावे. अशी मुले आता महाविद्यालयात येऊ लागली आहेत. काही निदान घेऊन येतात, बरीचशी निदानाशिवाय.

या मागण्या दयेच्या पोटी मान्य झाल्या तर त्या टिकणार नाहीत, कारण दया थकते. फॉरेस्टमधल्या लोकांनी डोनाल्डवर दया केली असे वाटत नाही. त्याच्यासाठी त्यांनी वेगळे काही उभारलेही नाही. शाळा होती तीच, बँक होती तीच, गोल्फचे मैदान होते तेच. त्यांनी त्याला तेथे येऊ दिले, आणि तो कसा आहे याची गावाला सवय झाली. ही सवय एका घराण्याच्या प्रतिष्ठेमुळे लागू शकते, श्रद्धेमुळे लागू शकते, तशी कायद्याच्या आणि शाळेच्या आधारानेही लागू शकते. पहिल्या दोन वाटा थोड्यांसाठी असतात. तिसरी सर्वांसाठी आहे, पण तिला जिन्यातली, दुकानातली, वर्गातली माणसे लागतात. आईबापांचा वेढा आजही चालू आहे. त्यांचे वय होत चालले आहे, आणि रसद बाहेरूनच यावी लागणार आहे.